जप्त न केलेला डबा

ती केस मी कधीच विसरून गेले असते, पण तिच्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा आरोपीचा नव्हता, माझा होता. आणि असलं काही माणूस विसरत नाही. जप्तीच्या पंचनाम्यात मी स्वतः सांगून लिहून घेतलं होतं : ‘मोबाईल चार्ज करण्याचा काळा डबा एक, तपासकामी उपयोगी नसल्याने घरीच ठेवला.’ अख्खा पुरावा त्या डब्यात होता. तेव्हा माझी अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली होती आणि ‘माझ्या नजरेतून सुई सुटत नाही’ असं मी नव्या शिपायांना ऐकवत असे. नातवंडं ही गोष्ट माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतात, ती माझ्या शौर्यासाठी नव्हे.

मी किनाऱ्यावरच्या एका ठाण्याची प्रभारी होते. एका सकाळी हजेरी आटपत असताना बोर्ली पंचतनच्या बाजारात घाऊक मासळीचा धंदा करणारे एक गृहस्थ आले. तीन पिढ्यांचा व्यापार, मुलगे आखातात. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. दहा-बारा सेकंदांच्या व्हिडिओत ते स्वतःच शांतपणे सांगत होते, व्यापारी मासळीला औषध मारतात, मी औषध मारतो. औषध म्हणजे शिळी मासळी ताजी दिसावी म्हणून मारायचं घातक रसायन. तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर तो व्हिडिओ पोचला होता. हॉटेलवाल्यांनी माल उचलणं थांबवलं होतं. वर्षानुवर्षं त्यांनाच मासळी घालणारे होड्यांवरचे तांडेल त्यांच्या दारावरून पुढे जात होते.

“मी असं बोललोच न्हाय,” ते म्हणाले. “मासळी सडायला लागली तर बरफ टाकीन, मॅडम. नाव सडलं त्याच्यावर काय टाकू?”

नुसती बदनामी अदखलपात्र असते. पण बनावट व्हिडिओ म्हटल्यावर वरिष्ठांशी बोलून मी गुन्हा नोंदवला. चित्रीकरण कोणी केलं हे त्यांना ठाऊक होतं. टीव्हीवरच्या एका माहितीपटासाठी मुंबईची माणसं येऊन त्यांच्याशी बोलून गेली होती. दुपारीच आमच्या खबऱ्याचा फोन आला. दिवेआगरला एका वाडीतल्या भाड्याच्या घरात एक बाई दिवसभर खिडक्या लावून दोन पडद्यांसमोर बसते, जोडकाम, कापाकापी करते, तो माहितीपट तिच्याकडेच आहे. मला आणखी काय हवं होतं? चांगली माणसं भरदिवसा खिडक्या लावत नाहीत, हा माझा तेव्हाचा सिद्धान्त. पडद्यावरचे रंग नीट दिसावेत म्हणून संकलक खोलीत अंधार करतात, हे मला नंतर कळलं.

बाई तिशीतली, एकटी राहणारी, घाबरलेली. पंचांसमक्ष संगणक जप्त केला. टेबलावर वायर लावलेला विटेएवढा काळा डबा होता. मी उदार मनाने म्हटलं, राहू दे तिला, फोन तरी चार्ज होईल. ती काहीतरी सांगू लागली. जे सांगायचं ते ठाण्यात सांग, म्हणून मी तिला गप्प केलं.

ठाण्यात आणून मी तो संगणक सुरू केला. तसं करायचं नसतं. सायबर शाखेने पुढे मला त्यावरूनही चांगलंच ऐकवलं. माहितीपटाचं काम उघडलं तर सगळीकडे लालभडक पडदा, चित्रीकरण सापडत नसल्याची सूचना, आणि व्यापाऱ्याच्या मुलाखतीचा मागमूस नाही. मला आनंद झाला. पुरावा नष्ट केला! दोन दिवस मी तिला सकाळी बोलावत होते आणि कायद्याप्रमाणे सूर्यास्ताआधी सोडत होते. ती एकच सांगायची, की काही पुसलेलं नाही, चित्रीकरण संगणकात नसतंच. मी विचारायचे, मग काय माझ्या पदरात असतं? या विनोदावर मी एकटीच हसत होते.

आमची महिला शिपाई पालीकडची, पंचविशीची. तिने मला न दुखावता सुचवलं, की या लोकांचा इंटरनेटवर एक मंच आहे, तिथे विचारून पाहू. गावाचं, गुन्ह्याचं नाव न घालता तिने नवशिक्यांच्या विभागात प्रश्न टाकला, की असा लाल पडदा दिसतो, म्हणजे कोणी चित्रीकरण पुसलं का? माझा चहा संपायच्या आत उत्तरं आली. कोणी पुण्यातून, कोणी कोचीतून, कोणी कॅनडातून. ही सगळी माणसं एकेकटी अंधाऱ्या खोलीत बसून कामं करतात आणि एकमेकांच्या अडचणीला शेजाऱ्यासारखी धावतात. एकाने लिहिलं, संकलनाच्या फाईलमध्ये चित्रं नसतात, कुठलं चित्र कुठून कुठवर घ्यायचं एवढे पत्ते असतात. चित्रं बाहेरच्या डिस्कवर, म्हणजे टेबलावरच्या त्या डब्यात. दुसऱ्याने नवशिक्यांसाठीच्या लेखाचा दुवा दिला : लाल पडदा दिसला तर घाबरू नका. तिसऱ्याने विचारलं, ‘डबा कुठल्या शहाण्याने काढून ठेवला?’

शिपाईने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. सावकाश.

मी पंचांना घेऊन पुन्हा दिवेआगरला गेले. डबा जागेवरच होता. बाईने त्याला हातही लावला नव्हता. उलट मी डबा न्यायला परत येईन हे ओळखून, तो तापू नये म्हणून वरचा पंखा चालू ठेवला होता. मी माफी मागितली. ती म्हणाली, मला सुट्टी हवीच होती.

सायबर शाखेत डबा जोडला तेव्हा मूळ मुलाखत जशीच्या तशी मिळाली, वीस मिनिटांची. त्यात आमचे तक्रारदार म्हणत होते : लोक म्हणतात, व्यापारी मासळीला औषध मारतात. मग बर्फाची बरीच कहाणी. आणि शेवटी : मी औषध मारतो असं कुणी दाखवून द्यावं, त्या दिवशी धंदा बंद करीन. पुढून, मधून, मागून कात्री लावली होती.

पण कात्री कोणाची? शिपाईने व्हिडिओतलं एक चित्र चेहरा झाकून मंचावर ठेवलं. तिथल्या एका म्हाताऱ्या संकलकाने लगेच ओळखलं, की चित्राची खालची पट्टी छाटली आहे. दाखवायला म्हणून जी प्रत बाहेर पाठवतात तिच्यावर तळाशी वेळेचे आकडे उमटवलेले असतात, मूळ चित्रीकरणावर ते नसतात. ज्याच्याकडे मूळ आहे, तो आकडे छाटत कशाला बसेल?

म्हणजे बाई सुटली. तिला विचारलं, तशी प्रत कोणाला पाठवलीस? दोघांना. एक मुंबईचे दिग्दर्शक, दुसरा गावांची आणि माशांची नावं तपासून देणारा, चित्रीकरणाची स्थानिक व्यवस्था बघणारा गृहस्थ. त्याच्या मेव्हण्याचं मासळीचं दुकान त्याच बाजारात होतं.

त्याला बोलावलं, चहा दिला. खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्याचं उत्तर आधी देतो. मी नुसतं ‘बसा’ म्हटलं, तर तो म्हणाला, माझा फोन बघा, त्यात काही नाही. बघितला. व्हिडिओ खरंच पुसलेला होता. पण कापायच्या ॲपमध्ये तोच लाल पडदा आणि खाली तिन्ही काप जसेच्या तसे. चित्र गेलं होतं, पत्ते राहिले होते. आठवड्यापूर्वी मी याचा अर्थ उलटा लावला असता. आता मी त्याला ते पत्ते आकड्यांसह वाचून दाखवले. तो म्हणाला, मेव्हण्याने सांगितलं म्हणून केलं. मग सविस्तर जबाब झाला.

या केसने मला शिकवलं, की ज्या धंद्यातला माणूस समोर बसवलाय, त्या धंद्यातल्या चारचौघांना आधी विचारावं. माझी अठ्ठावीस वर्षं चोर ओळखण्यात गेली होती. संकलकाचं टेबल कसं असतं हे मला कोण सांगणार? त्या मंचावर मी आजही आहे. नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ जोडताना अडले की नवशिक्यांच्या विभागात विचारते. तिथे कोणी मला मॅडम म्हणत नाही, त्याने तब्येत चांगली राहते.

तक्रारदार व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांची मुलाखत पूर्ण स्वरूपात, दिग्दर्शकांच्या परवानगीने, गावभर पाठवली गेली. तांडेल परतले, हॉटेलवाले निम्मे परतले. बदली होण्याआधी मी एकदा बोर्लीला त्यांच्याकडे सुरमई घ्यायला थांबले आणि विचारलं, आता तरी लोकांची खात्री पटली ना? ते मासळीवर बर्फ सारत म्हणाले :

“खोटं बारा सेकंदांचं होतं, मॅडम, ते समद्या तालुक्याने बघितलं. खरं वीस मिनिटांचं हाय. ते पुरतं बघणारी दोनच माणसं, एक माझी बायको आणि एक तुम्ही. त्यात तुम्हाला तर पगार होता.”