बुटांच्या कपाटावर

आमच्या बुटांच्या कपाटावर आत्ता कुरियरची चार खोकी आहेत, आणि त्यांतलं एकही माझं नाही. निवृत्तीनंतर 'बॉयलर सल्लागार' अशी पाटी लावून मी पुढच्या खोलीत टेबल मांडलं, तेव्हापासून अख्खी इमारत कुरियरवाल्याला सांगते, "काकांकडे द्या, ते घरीच असतात." अरे, घरी असतो म्हणजे रिकामा असतो का? ऑफिसात चहा पीत बसलेला माणूस कामात, आणि घरात डोकं खाजवत बसलेला रिकामटेकडा!

काल पुन्हा बेल वाजली. दार उघडंच होतं. मी मान वर न करता खेकसलो, "ठेवा तिथे कपाटावर!"

मग पाहिलं, तर दारात माझा पहिलावहिला क्लायंट उभा. आपली फाइल त्याने निमूटपणे खोक्यांवर ठेवली होती.

आजवर कोणी बिनतक्रार मानलेला माझा हा एकमेव सल्ला.