सूरपाटीवरचे उस्मानभाई

उस्मानभाईंच्या घरी चोरपावलांनी जायची सोय नव्हती. गल्लीच्या तोंडाशी वळलो की आतून, पिंजणाच्या तारेचा टणटणाट न थांबवता, हाक यायचीच, "ये महादू. डावा पाय कावून घासून राहिला आज? काटा मोडला का?" आणि खरंच मोडलेला असायचा. कापूस पिंजणारा माणूस, तोंडाला फडकं, पाठ दाराकडे, तरी कोण आलं ते पायांवरून ओळखायचे. माझी बायको म्हणायची, "त्याहीच्या घरापुढून जायाची मले लाजच वाटते बाई. पायातली जोडवी मोजत असतीन."

आम्हा वऱ्हाड्यांना आट्यापाट्या शिकवाव्या लागत नाहीत, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. मैदानात आडव्या पाट्या आखायच्या आणि एकेकीवर एकेक गडी उभा करायचा. समोरच्या संघानं त्यांना चुकवत शेवटच्या पाटीपलीकडे जायचं, तसंच परत यायचं. हात लागला तो बाद. परत आलेला 'लोण' म्हणून ओरडतो आणि डाव त्यांचा होतो. या आडव्या पाट्यांना मधोमध छेदत जाते ती सूरपाटी, आणि तिच्यावर पळणारा एकटा गडी म्हणजे सूर. आम्ही आपापल्या पाटीवर खेकड्यासारखे आडवे सरकायचो. सुराला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं मैदान, आणि निम्मे गडी सदा त्याच्या पाठीमागे. मधोमध उभं राहून पाठीमागचं सांभाळायचं, हे बाप्पा, येरागबाळ्याचं काम नाही. मी पाचव्या पाटीवर होतो, आणि मधे उस्मानभाई आहेत म्हटल्यावर मला कधी भीती वाटली नाही.

त्या वर्षांत तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती. कोण लढतंय, कशासाठी लढतंय, आम्हाला काडीचंही माहीत नव्हतं, पण तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. अमरावतीत जो तो फेटा तिरपा बांधून फिरू लागला. आमचे गोकुळशेट रुईचे मोठे अडते. त्यांना हौस आली संघ पाळायची. तोवर आट्यापाट्या म्हणजे वेचणी आटोपली की खेळायचा फुकटचा खेळ. शेटजींनी उस्मानभाईंना सालाचं धान्य, कपडे आणि गोदामामागे खोली दिली. म्हणाले, पिंजण खुंटीला टांग, तू फक्त खेळ. खेळून पोट भरणारा माणूस त्याआधी आम्ही तरी पाहिला नव्हता. उस्मानभाईंच्या बायकोला, आमच्या भाभींना, ते काही केल्या पटेना. "नुसतं पळाचे पैसे कोन देते जी?" असं त्या मलाच दरडावून विचारायच्या, जसा काही मीच शेट!

अकोल्याचे व्यापारी थोडेच मागे राहतात! त्यांनीही संघ उभा केला, आणि वर जिंकणाऱ्या गड्याच्या पायात चांदीचा साखळीदार तोडा घालायची टूम काढली. तोडा मिळालेला गडी तो झोपतानाही काढेना, मग खेळताना कुठला काढतो! त्यांचा सोनाजी हरणासारखा पळायचा, पण छुनछुन करत. उस्मानभाई मागे न बघता हात टाकत आणि सोनाजी बाद. लोक म्हणत, या माणसाच्या पाठीला डोळे आहेत. आमच्या शेटजींनीही उस्मानभाईंना तोडा दिला होता. त्यांनी तो भाभींच्या हवाली केला आणि पायात कधी घातला नाही. कारण विचारलं की एकच उत्तर, "पाय बोलला का गडी मेला, समजलं?" नव्या गड्याला ते हेच सांगत, आणि एकदा पाय आपटत आलेल्या शेटजींनाही त्यांनी हेच ऐकवलं.

एकदा खेळ संपल्यावर मी पाहिलं, उस्मानभाई आपले जोडे शोधत होते. जोडे समोर, हातभर अंतरावर, आणि ते भलतीकडेच चाचपडत होते.

"भाई, तुमाले दिसत नाई का?"

"धुकं पडल्यावानी दिसते. सावली कळते, मानूस नाई कळत."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"सांगितलं तं शेट म्हणन, घरी बस. घरात मी ठोकरा खातो महादू. कालच तुह्या भाभीचा हंडा लवंडला. पाटीवर मले सारं कळते. या दुनियेत तेवढीच एक जागा राह्यली, तिथं मी आंधळा नाई. ते नको घेऊ माह्यापासून."

मी त्यांचे जोडे उचलून त्यांच्या पायाशी ठेवले. हात धरायला गेलो तर त्यांनी झटकला. भारी मानी माणूस! मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, घरी बायकोलासुद्धा नाही, आणि हे सोपं नव्हतं.

मग लढाई संपली आणि कापसाचे भाव धाडकन कोसळले. तिरपे फेटे सरळ झाले. त्या हंगामात आम्ही बडनेऱ्याहून नव्या आगगाडीत बसून अकोल्याला गेलो. मोर्णा नदीच्या वाळूत, राखेनं पाट्या आखून सामना होता. उस्मानभाई सूरपाटीवर जाऊन मान तिरपी करून उभे राहिले. अकोल्याचे गडी आत शिरले, आणि आवाज कशाचाच नाही. सोनाजी त्यांच्या पाठीमागून वाऱ्यासारखा निघून गेला. उस्मानभाईंनी हात टाकला तो हवेत.

"महादू," ते हळूच म्हणाले, "तोडे कुठी गेले बे?"

"विकले भाई. साऱ्याहीनं विकले."

त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. मला राहवेना. गडी उजवीकडून आला तशी मी उजव्या मांडीवर थाप मारली. उस्मानभाई क्षणभर थबकले, मग उजवीकडे झेपावले आणि गडी बाद! पुढचा डावीकडून आला, मी डावी मांडी ठोकली. बाकीच्या पाट्यांवरचे गडी आधी माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनाही उमगलं. साऱ्या मैदानात मांड्या वाजू लागल्या. काठावर शेटजी खूश, त्यांना वाटलं पोरांना चेव आलाय.

शेवटी राहिला एकटा सोनाजी. परतीच्या वाटेवर, दोन पाट्यांमधल्या शेवटच्या घरात, उस्मानभाईंच्या हाताच्या टप्प्यात तो उभा राहिला. एक पाटी ओलांडली की लोण. आम्ही मांड्या वाजवल्या तसा तो उलट बाजूला सरकला, पुन्हा वाजवल्या तसा पुन्हा. पक्का खेळाडू, आमची खूण त्यानं ओळखली होती. मग त्यानं उस्मानभाईंच्या तोंडाकडे पाहिलं. ते त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते. सोनाजीचा चेहराच बदलला. त्याला पळून जाता येत होतं. तो गेला नाही. त्यानं उजवा पाय उचलला आणि वाळूत आपटला, धप्!

उस्मानभाईंचा हात सवयीनं उठला आणि सोनाजीच्या छातीजवळ येऊन थांबला.

"मारा ना भाई," सोनाजी म्हणाला.

"चुकून बोलला असता तं मारला असता. हा मुद्दाम बोलला. असल्या पायाले मी मारत नसतो. जा बाप्पा, लोण घे."

सोनाजी पाटी ओलांडून गेला, पण लोण ओरडायचं विसरला. ओरडले ते काठावरचे अकोलेकर. उस्मानभाई तिथेच उभे होते. मग त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "महादू, हात दे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात मागितला. मी दिला, आणि आम्ही सूरपाटीवरून खाली उतरलो. मला रडू आवरत नव्हतं.

शेटजी तणतणत आले. "हात का आखडला रे?"

"डोळे गेले शेटजी. लय दिवस झाले."

"मग इतके दिवस खेळलास कसा?"

"अकोल्याच्या चांदीवर," उस्मानभाई म्हणाले. शेटजींना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते वाळूत मटकन बसले, आणि रागवायचं राहूनच गेलं.

परत आल्यावर भाभींनी आपणहून गोदामामागची खोली सोडली आणि पिंजण खुंटीवरून उतरलं. कापूस साफ झाला की नाही ते तार सांगते, त्याला डोळे लागत नाहीत. उस्मानभाई पुढे कित्येक वर्षं पिंजत राहिले. सोनाजी अमरावतीला आला की त्यांना भेटल्याशिवाय जात नसे, आणि गल्लीत शिरला की असा पाय आपटत यायचा की बायका दारात येऊन बघायच्या. आतून आवाज यायचा, "ये सोनाजी! हळू ये लेका, भिंत पाडतं का माही?"

उस्मानभाई गेले तेव्हा सोनाजी अकोल्याहून आला, तोही म्हातारा झाला होता. माती देऊन लोक परतले. आम्ही दोघं मागे राहिलो. सोनाजीनं जोडे काढले, कबरीपासून जरा दूर जाऊन उभा राहिला, आणि उजवा पाय जमिनीवर आपटला. मग आम्ही दोघंही उगाच थोडा वेळ थांबलो.