सुभद्रावयनीचा उलटा लिलाव

दशावतारात मी उभं आयुष्य राण्यांच्या भूमिका केल्या. शालू, मुकुट, सिंहासन म्हणून लाकडी बाक. पण दरबार कसा भरवावा ते मी म्हातारपणी पाहिलं, आमच्या तोंडवलीच्या किनाऱ्यावर. दरबार सुभद्रावयनीचा.

वयनीचा बर्फाचा कारखाना आहे. नवरा गेल्यावर तिनेच तो चालवला. आमच्या होड्या समुद्रात जातात त्या तिचा बर्फ भरून. अलीकडे विजेचं बिल असं फुगलं की बर्फ विकून विजेचा खर्चही सुटेना. यंत्रं विकायची, असं तिने ठरवून टाकलं. होडीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बर्फासाठी रोज मालवण कोण गाठणार?

तेवढ्यात कुडाळला नोकरी करणारी तिची भाची नम्रता बातमी घेऊन आली. वयनीच्या कारखान्यासारख्या भरपूर वीज खाणाऱ्याला आता वीज कुणाकडून घ्यायची ते निवडता येतं. तारा आणि खांब जुन्याच कंपनीचे, त्यांचं भाडं भरायचं. आतली वीज दुसऱ्याची.

"म्हणजे देवळासमोरचा मांडव तोच, जत्रेक नाटक कंपनी दुसरी!" मी म्हणालो.

"तुमका सगळ्यात नाटकच दिसता," वयनी म्हणाली, पण हसली.

वीज विकणाऱ्या तीन कंपन्यांचे प्रतिनिधी आले. तिघेही इस्त्रीच्या शर्टात, आणि प्रत्येकजण वयनीला बाजूला नेऊन हळूच दर सांगायचा. वयनी वैतागली.

"कानात कित्याक सांगतास? आमी मासळी उघड्यार इकतो. तुमी वीज थंयसरच इका!"

सकाळी मासळीचा लिलाव संपला आणि त्याच वाळूत विजेचा सुरू झाला. पुकारायला काशीबाई. मासळीची बोली पुकारून पुकारून तिचा आवाज असा तयार की आमच्या कंपनीत असती तर राक्षसाची भूमिका तिलाच मिळाली असती. पहिल्याने दर सांगितला. दुसऱ्याने त्याहून कमी.

"ह्येच्या वर कोण?" काशीबाई सवयीने गरजली.

"वर नाय गो, खाली!" सगळा किनारा ओरडला.

"खाली? मगे ह्यो कसलो लिलाव?"

"गिऱ्हायकाचो!" कुणीतरी म्हणालं, आणि जो हशा उसळला! पण काशीबाई हार मानणारी नव्हे. उलट्या लिलावाचा सूर तिला असा सापडला की तिघांनाही घाम फुटला. दर उतरत उतरत अशा जागी आला, जिथे कारखाना वाचत होता. दोघांनी माघार घेतली. उरलेला, देवेश नावाचा तरुण, वयनीच्या होकाराची वाट पाहत राहिला.

वयनी मात्र त्याच्याकडे बघेचना. ती बघत होती माडाखाली उभ्या लवूकडे. लवू जुन्या कंपनीचा वायरमन. वादळात खांबावर चढून त्याने हा कारखाना कितीदा सावरलेला. लिलावाचं ऐकल्यापासून तो रुसला होता. "आमच्या विजेक काय मुंग्ये लागले?" असं गावभर विचारत फिरत होता.

वीज स्वस्त मिळाली आणि तार तुटल्यावर लवू आलाच नाही, तर? बर्फाचं पाणी होणार, आणि कारखान्याचंही.

"लवू भावजी," वयनीने सगळ्यांसमोर विचारलं, "तार तुटली तर येतलास ना?"

सगळ्या माना माडाकडे वळल्या.

लवूने टोपी काढली, डोकं खाजवलं. "तार खंयची? आमची. खांब? आमचो. आत कोणाची वीज धावता ती तू बघ गो वयनी. माका वर चढूक तूच कशी थांबवतलंस?"

"मी खंय थांबवतंय? तुमीच फुगान बसलास!"

"मगे फुगाक नको? माका विचारल्याशिवाय लिलाव केलंस!"

वयनी हसताना पदराने डोळे पुसत होती. तिने देवेशकडे मान हलवली. काशीबाईने तीनदा पुकारलं आणि लिलाव त्याच्या नावावर झाला.

कागदपत्रं झाली, आणि नव्या विजेच्या पहिल्या दिवशी अख्खा गाव कारखान्यात जमला. दिवा लुकलुकला नाही, यंत्राचा सूर बदलला नाही. बर्फाची पहिली लादी घसरत बाहेर आली. एका होडीवाल्याने तिच्यावर तळहात टेकवला.

"तसोच थंड आसा रे!" तो जरा हिरमुसून म्हणाला.

"मगे काय गरम येतलो?" वयनी कडाडली. "उचला बेगीन, वितळता!"