दुपारच्या झोपेचा आळ

“झोपलो न्हाय गं, डोळं मिटून ऐकतोय की!” छातीला टेकलेली हनुवटी उचलत अक्का म्हणायच्या. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका स्वतःला ‘आलो, गेलो’च म्हणतात. एवढं बोलून पुढच्या वाक्याला त्यांचे डोळे पुन्हा मिटलेले.

आम्ही दोघी एकाच दवाखान्यात नर्स, आणि शेजारणीही. वीसेक वर्षं रात्रपाळ्या बरोबर केल्या. सलाईन संपायच्या आत अक्का कॉटजवळ हजर. ड्यूटीवर खुर्चीला पाठ टेकलेली मी कधी पाहिली नाही.

निवृत्तीनंतर त्यांचा हात थरथरू लागला. पार्किन्सन निघाला. थरथर सगळ्यांना दिसायची, झोप मात्र कुणी आजारात धरली नाही. जेवताना घास हातातच राहायचा. पाहुण्यांसमोर मान कलंडायची. “रात्रपाळीची सवय, दुसरं काय!” असं मीही हसून म्हणाले होते. तुम्ही म्हणाल, नर्सला कळलं नाही? नाही कळलं.

एकदा त्यांची सून बाजारात गेली होती. दूध उतू जाऊन गॅस विझला. वासानं मी धावले, तर अक्का ओट्याजवळ स्टुलावर गाढ झोपलेल्या. सून आल्यावर कडाडली, “दिवसभर झोपाच काढायच्या, तर गॅसला हात कशाला लावायचा?”

अक्का दुसऱ्या दिवसापासून दुपारभर गॅलरीत कठडा धरून उभ्या राहू लागल्या. बसलं की झोप लागते, म्हणून. चौथ्या दिवशी उभ्या उभ्याच कोसळल्या. कपाळाला तीन टाके पडले.

मग सून आणि मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, “ही झोप आजाराचीच आहे. काही गोळ्यांनीही येते.”

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “म्हंजी डॉक्टर, मी आळशी न्हाय?”

“अजिबात नाही, सिस्टर.”

अक्का रडल्या. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

गोळ्या बदलल्या. फरक पडला, थोडाच. पण दुपारी सून स्वतः त्यांना पलंगावर निजवू लागली, पायांवर चादर घालू लागली.

गेल्या थंडीत न्यूमोनियानं अक्का गेल्या.

परवा दुपारी सून माझ्याकडे आली.

“मावशी, आज हातातनं परात पडली. केवढा आवाज झाला! आणि मी आपली दाराआडनं बघायला गेलो, त्या जाग्या झाल्या का म्हणून.”