उधारीच्या बदामांची छाती

ज्या छातीच्या जोरावर आमचा कडूबामामा पोलिसात गेला, ती त्यानं कमावली उधारीच्या बदामांवर. इतका उफराटा उद्योग आमच्या खानदानात दुसऱ्या कोणी केला नसेल.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि कारभार नागपूरहून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. चिखलीजवळच्या आमच्या गावात मामा गावचा पहिलवान. गावच्या पहिलवानाचा खुराक गावानं द्यायचा, ही रीत. वर्गणी रंगराव पाटलांकडे जमायची आणि बदाम, तूप, दूध त्यातून चालायचं. पण एका वर्षी चिखलीच्या कुस्त्यांच्या दंगलीत मामा चीतपट झाला आणि स्वारी स्वतःवरच रुसली. हरलेल्यानं गावाचं कोणत्या तोंडानं खावं, म्हणून पाटलांच्या दारी जाणं सोडलं. खुराक मात्र सुटेना! मग चिखलीच्या फकीर मोहम्मद किराणेवाल्याकडून बदाम आणि तूप स्वतःच्या नावावर उधार येऊ लागलं. दोन वर्षांत शिपायाच्या तीन पगारांएवढं देणं झालं.

अशात बुलढाण्याला भरती निघाली. आजोबा वारलेले, शेत नाही, त्याच्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आईचं, लग्न व्हायचं होतं. सगळं घर त्या नोकरीकडे डोळे लावून बसलं. छाती मोजणाऱ्यानं म्हणे फीत पुन्हा लावून पाहिली, त्याचा विश्वासच बसेना. मामा पास झाला. राहिली फक्त गावची चौकशी.

त्यासाठी उत्तमराव जमादार चावडीवर आले. वागणूक कशी, संगत कशी, सगळं विचारून झालं आणि शेवटी ते मामाला म्हणाले, "कोणाचं देणं हाये का?"

गप्प राहता आलं असतं. पण आमचा मामा कसला गप्प राहतोय! "हाव, हाये. फकीरचाचाचं," तो म्हणाला.

जमादारांनी कपाळाला हात लावला. "मंग कसं जमन बे? कर्जदार शिपाई सरकारले नको. ज्याचं देणं हाये त्यानं उद्या डोळे वटारले, तं तू चोराले धरशील का सोडून देशील?"

मामाचं तोंड एवढंसं झालं. पहिलवान गडी, पण डोळ्यांत पाणी आलं, असं आई सांगायची.

तेवढ्यात रंगराव पाटील उठले. "थांबा, जमादारसाहेब. याच्या खुराकाचे पैसे दोन साल झाले माह्या घरी पडून हायेत. हाच घ्याले आला नाही."

मामा बघतच राहिला. "हरलो तरी वर्गणी जमली?"

"काऊन बे, हरलेल्याले भूक लागत नाही का?"

जमादार हसले, पण माणूस कायद्याचा पक्का. पैसे पोचलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेरा लिहिणार नाही म्हणाले. पाटलांनी लगेच बैलगाडी जुंपली आणि सगळे चिखलीला गेले. फकीर मोहम्मदनं सगळे पैसे मोजून घेतले, एक पैसासुद्धा सोडला नाही. मामाला ते जरा लागलंच. इतक्या वर्षांची ओळख! जमादारांनी मात्र तिथल्या तिथे लिहून टाकलं की उमेदवारावर कोणाचं देणं नाही.

मामा शिपाई झाला. त्याच्या पगारावर आईचं लग्न झालं, म्हणजे मी जन्मलो तोही त्याच माणसांच्या पुण्याईवर. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

वर्दी अंगावर चढली त्या आठवड्यात मामा चाचाच्या दुकानात गेला. रुसवा होताच, पण दोन वर्षं ज्यानं विश्वासावर खाऊ घातलं त्याच्या पाया पडल्याशिवाय त्याला राहवेना. तो वाकला, तसे चाचानं पाय मागे घेतले.

"वर्दीत नको वाकू, बेटा. त्या दिशी म्या एक पैसा सोडला नाही, तो कायच्यासाठी? माह्यासमोर तू ताठ उभा राह्यला पाह्यजे. उद्या माह्या मापात खोट निघाली, तं माह्याही हाताले धरता आलं पाह्यजे तुले."

 मामानं टाचा जुळवून सलाम ठोकला आणि निघून गेला. संध्याकाळी काम सुटल्यावर वर्दी काढून, साधं धोतर नेसून तो पुन्हा दुकानात आला आणि त्यानं चाचाच्या पायांवर डोकं ठेवलं.

या वेळी चाचानं पाय मागे घेतले नाहीत.