कार पार्कमधलं गाणं

बर्मिंगहॅममध्ये आमच्या शेजारी एक म्हातारे वादक राहतात. मेंडोलिनसारखं दिसणारं त्यांचं वाद्य, त्याला ते तंबुरा म्हणतात. नव्वदच्या दशकात एकमेकांशी युद्ध केलेले सर्बियन आणि क्रोएशियन, जन्मभर दोघांच्याही लग्नांत वाजवत आलेत. ‘तुम्ही नक्की कोणाकडचे?’ असं विचारलं की म्हणतात, ‘आधी लग्न कोणाचं ते सांगा.’

मध्यंतरी एका क्रोएशियन लग्नाला मी त्यांना गाडीने सोडलं आणि जेवायलाही थांबलो. नवरीच्या आजीने एक गाणं मागितलं.

‘ते सर्बियन आहे. इथे नको,’ नवरीचे काका म्हणाले.

‘बरोबर,’ म्हणत म्हाताऱ्यांनी तंबुरा खांद्याला अडकवला, आजींची व्हीलचेअर ढकलत कार पार्कमध्ये नेली आणि भुरभुर पावसात गाणं सुरू केलं.

दुसऱ्या कडव्याला काका छत्री घेऊन आले आणि ती आजींवर धरून उभे राहिले. ते गात नव्हते, पण ओठ हलत होते.