काडाचा माथा, नमद्याचा काठ

खाला माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायची, आधी डोक्याकडे. मी लग्न होऊन अमरावतीला आले, तेव्हा शेजारीण म्हणून ती मला बघायला आली आणि पदराआडूनही तिने माप घेतलेच. सासूबाईंना म्हणाली, "डोस्कं लहान हाय, पन गोल हाय सुनेचं." एवढेच कौतुक.

ती टोप्या करायची. तिचे यजमान, आमचे चाचा, लोकर भिजवून, तुडवून नमदे बनवत. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो घ्यायला गोरे साहेब वऱ्हाडात उतरले. नमद्याच्या टोपीत त्यांचे डोके उकडायचे, काडाची टोपी वाऱ्याने दुमडायची. खालाने तोड काढली. गव्हाच्या काडांनी विणलेला माथा तिचा, नमद्याचा ताठ काठ चाचांचा. दोन्ही शिवून एक टोपी.

शिवताना दोघांचे वाजायचेच. "काठ किती जड केला! माझा माथा दबून राह्यला ना!" खाला ओरडायची. चाचा हसून काठ थोडा कातरून द्यायचे. काठ चांगला झाला असे तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही.

एका उन्हाळ्यात चाचा टोप्या पोचवायला कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याला गेले. तिथे पटकीची साथ होती. गाडीवाले परतले ते चाचांना तिकडेच मूठमाती देऊन. खाला रडली नाही. नुसती म्हणाली, "भांडून गेले व्हते. मले वाटलं, आल्यावर बोलीन."

विधवेने घरात बसायचे शोकाचे महिने सरले, तशी ती आमच्या दारात उभी राहिली. "मले अकोल्याले ने, बाई. त्याईची माती पाहू दे." माझ्या यजमानांनी गाडी जुंपली.

कबरस्तानाच्या म्हाताऱ्या राखणदाराने मातीच्या ढिगांची लांब रांग दाखवली. दगड एकावरही नव्हता. "यातलीच एक हाय," तो खाली बघत म्हणाला. "कोनती, ते मले सांगता येत न्हाई."

कबरस्तानातून परतताना स्टेशनाजवळ कापसाच्या गाठी मोजणारा एक साहेब दिसला. डोक्यावर तीच टोपी. खाला थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. चपराशी खेकसला, पण साहेबाने काय ओळखले कोण जाणे, टोपी काढून तिच्या हातात दिली. स्वतः विणलेल्या माथ्याकडे तिने पाहिलेही नाही. नमद्याच्या काठावरून बोटे फिरवत राहिली. एका जागी टाके उसवले होते. कमरेच्या बटव्यातून सुईदोरा काढून ती तिथेच गाठीला टेकून बसली, टाके घातले आणि टोपी परत केली.

साहेब गर्दीत दिसेनासा झाला, तेव्हा ती रडली. "काठ लई चांगला जमला व्हता त्याईले," ती म्हणाली. "म्या कधी सांगतलंच न्हाई."

रात्री अकोल्यातच मुक्काम केला. सकाळी निघायच्या वेळी खाला सापडेना. मी कबरस्तानात गेले. ती घागर घेऊन एकेका ढिगावर पाणी शिंपडत होती.

"चल ना खाला, घरी."

"तुमी जा, माय. कोनती त्याईची, ठाऊक न्हाई. म्हून साऱ्याईलेच पानी घालून राहिली."

मी तिच्या पाया पडले. आमची गाडी निघाली, तेव्हा तिची निम्मी रांगही झाली नव्हती. ती पुन्हा अमरावतीला आली नाही.